शेरा : गोठ्यात

रस्ता संपला की पुढे बर्फावरून ढकलत न्यायची घसरगाडी,
तिच्यावर रक्तदाबाचं यंत्र, लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं,
माझ्यापेक्षा जास्त कपडे त्याला.
तळ्याकाठी सात घरं. चार घरांत
पुरुषाची खुर्ची रिकामी.
चाळिशीची, बैलासारखी माणसं सकाळी जंगलात गेली
आणि संध्याकाळी आडवी परत आली.
करवत म्हणे तशीच चालू होती बर्फात.
माझा बाप त्यांतलाच. म्हणून ही नोकरी धरली,
असं मुलाखतीत सांगितलं.
खरं तर पगार बरा होता.

एवर्ट कार्विनेनचं घर सगळ्यांत शेवटचं.
त्याने बाही वर केली, हात माझ्यापुढे टाकला
सरपणाच्या ओंडक्यासारखा.
वरचा आकडा एकशे ऐंशी.
रक्ताची नळी उभी ठेवली, तर तासाभराने
वर पांढरट थर.
दुधाच्या गावात रक्तालाही साय.

लोणी कमी करा, मी म्हटलं.
तो हसला. पोरी, लढाईच्या वर्षांत
आई पिठात झाडाची साल दळून घालायची.
आता गाय माझी, कुरण माझं,
आणि तू म्हणतेस पावाकडे नुसतं बघत बसू?

त्याच्या मागे दार वाजलं.
बादली घेऊन कुणीतरी बाहेर पडलं.
बायको? लेम्पी. तिचाही हात बघते ना.
नंतर, तो म्हणाला. धारेची वेळ आहे.
मी तिच्या कार्डावर लिहिलं : गोठ्यात.

दुसऱ्या वर्षी टेबलावर लोण्याचं मडकं नव्हतं.
ताकाला जाऊन भांडं लपवावं
तसं ते सॉनाच्या बाकाखाली, वर टॉवेल.
मीच पाहिलं, मीच गप्प बसले.

तिसऱ्या वर्षी तिथेही नव्हतं.
खिडकीत तेलाची बाटली, उन्हात पिवळीधमक.
रश्श्यात गाजर, सलगम, कोबी.
हे सशांचं खाणं, एवर्ट म्हणाला,
आणि खाल्लं.
सगळी साय आता डेअरीच्या गाडीत जायची.
हे कुणी ठरवलं, मी विचारलं नाही.
तळघरातलं जुनं लोणी, खारवलेली चरबी,
टाकवत नाही म्हणून
कोण संपवत होतं, कुठे उभं राहून,
तेही नाही.

एकशे ऐंशीचे एकशे साठ, मग एकशे अठ्ठेचाळीस.
राजधानीतून साहेब आले,
आलेखावर बोट ठेवून म्हणाले, हा उतार बघा.
मी पाहिला. आमच्या तळ्याच्या काठासारखा होता,
उन्हाळ्यात पोरं पाण्यात उतरतात तिथला.

लेम्पी एप्रिलमध्ये गेली, बर्फ काळपट पडतो तेव्हा.
डोकं गाईच्या पोटाला टेकलेलं,
बादली निम्मी भरलेली.
डोक्यातली शीर, डॉक्टर म्हणाले.
दाब असणार, बरीच वर्षं.
असणार.

कार्ड काढून पाहिलं. माझंच अक्षर, वळणदार.
गोठ्यात. गोठ्यात. नंतर. गोठ्यात.
दारापासून गोठा बावीस पावलं.
मातीच्या दिवशी मोजली.

मी निवृत्त झाले, यंत्र परत केलं,
तरी वर्षातून एकदा जाते.
एवर्ट आता ऐंशीचा. गाई नाहीत.
राईचा पाव तो कोरडाच खातो,
चावून चावून, खिडकीबाहेर बघत.
बघायला, हटकायला कुणी नाही घरात.
आता खा की थोडं, मी म्हणते.
तो मान हलवतो.

पण माझ्यापुढे ताटली सरकवतो.
दुकानातून पाहुणीसाठी आणलेलं लोणी,
मिठाचं, सोनेरी कागदातलं,
आणि लेम्पीची लाकडी सुरी.
मी लावून घेते.
जाड.