बाहेरचा टाका

अक्रा शहरात, सर्कलच्या पुलाखाली आमचं दुकान:
एक टेबल, दोन छत्र्या, एक पंखा,
आणि मागे मी, सोल्डरच्या धुरात.
जहाजं येतात, कंटेनर उघडतात,
रॉटरडॅमच्या शाळांनी टाकून दिलेले लॅपटॉप
आमच्याकडे येऊन पुन्हा पहिलीत बसतात.

मंगळवारी एक बाई आली,
केट्याहून, पहाटेच्या बसनं, लेकीला घेऊन.
लेकीला कुमासीत प्रवेश मिळालेला, सिव्हिलला,
आणि पत्रात शेवटची ओळ: स्वतःचा लॅपटॉप आणावा.
आई कपडे शिवणारी. गळ्यातली टेप
काढायची राहून गेली होती
की मुद्दामच ठेवली होती, कोण जाणे.

मालक ओकाईनं चंदेरी पुढे केला.
पातळ, हलका, पापलेटासारखा चकाकणारा.
'आठ जीबी. तीन हजार दोनशे सेडी,'
मग पोरीच्या चपलांकडे बघून,
'तुमच्यासाठी बावीसशे.'
एवढा खाली तो सख्ख्या आईसाठी उतरायचा नाही.

मी मान खाली घातली.
त्या चंदेरीचं पोट गेल्याच आठवड्यात मी उघडलं होतं.
पाण्यात पडलेला. गंज खरवडला,
फुगलेली बॅटरी दाबून बसवली.
चालेल. सहा आठवडे. नशीब असलं तर आठ.

बाईला जीबी कळत नव्हते,
तसं तिनं सांगूनही टाकलं.
पण झाकण तिनं वीस-तीसदा उघडलं-मिटलं,
बिजागरी कानाशी धरून,
मशीनचं चाक रिकामं फिरवून ऐकावं तशी.
तळाला पालथा हात लावला,
ताप बघावा तसा.
मग म्हणाली, 'उलटा कर.
शिवण उलट्या बाजूनं बघायची असते.'

दहा स्क्रू. नऊ मळकट, एक कोरा.
तिचं बोट कोऱ्यावर थांबलं.
'हा टाका बाहेरचा आहे. कुणी घातला?'

ओकाई हसला. शेजारचा चार्जरवालाही हसला.
ती माझ्याकडे बघत राहिली,
माझ्या नखांतल्या काळ्याकडे.
मी बोललो नाही. मलाही खोलीचं भाडं आहे.
फक्त स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला,
जरा जोरात ठेवला असेन.

तिनं चंदेरी मिटला, हलकेच, आजाऱ्याला पांघरूण घालावं तसा,
आणि खालच्या फळीवरचा काळा मागितला.
जाडजूड, विटेएवढा जड,
कोपऱ्यात कुण्या डच पोरानं चिकटवलेला बेडूक,
सगळे स्क्रू सारखेच म्हातारे.
'बॅटरी पाऊण तासच,' या वेळी मी बोललो,
'पण बदलता येते. रॅमलाही आत एक जागा मोकळी आहे,
पुढे कधी वाढवायची झाली तर.'
'म्हणजे आत माया सोडलीय,'
ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच किंमत विचारली.

एकोणीसशे. रुमालाच्या गाठीतून,
परतीचं बसभाडं वेगळं काढून, दोनदा मोजून.

पोर इतका वेळ गप्प होती.
तिनं तो सुरू केला, आणि नाव लिहायला गेली: एसिनाम.
नेमकं पहिलंच अक्षर बटणावरून पुसलेलं.
कुणी तरी तिथे बरंच काही लिहून गेलं होतं.
बोट क्षणभर अडखळलं, मग सापडलं.
तेवढ्यात वीज गेली.
आमच्याकडे याला दुमसोर म्हणतात, विझणं-पेटणं.
गल्लीभर पंखे मंदावत थांबले,
ओकाईनं शिवी घातली,
आणि त्या अर्ध्या अंधारात
बेडकाचा लॅपटॉप तेवढा चालू,
एक नाव, पुढे लुकलुकणारी रेघ.
आईनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.
पाऊण तास म्हणजे पाऊण तास की नाही,
ती तिथेच स्टुलावर बसून मोजणार होती.

संध्याकाळी ओकाई म्हणाला,
'त्या चंदेरीचा स्क्रू बदल. जुना लाव.'
मी डबा उपडा केला. तासभर शोधलं.
तस्साच मळकट, त्याच मापाचा, सापडला.

चंदेरी अजून फळीवर आहे.
स्क्रू अजून माझ्या खिशात आहे.