बारदान

कांदा-बटाटा मार्केटात तोलणार म्हणून
एकोणीस वर्षं झाली मला.
गोणी काट्यावर चढली की
आकडा तोंडातून थेट मेहताजींच्या वहीत जातो
आणि शेवटी बारदान वजा.
रिकाम्या गोणीचे पैसे कुणी देत नाही.

तसलीच एक वही मी मे महिन्यात आणली,
लांबट, लाल पुठ्ठ्याची.
रकाने आखले: कोर्स, कॉलेज, फी,
घरापासून किती लांब, मागल्या साली कितीला बंद झालं,
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद:
पुढे काय.

लिलाव उरकला की शर्ट बदलून
मी कॉलेजांच्या खिडक्यांशी उभा राहायचो.
वाशी, नेरूळ, एकदा पार ठाण्याला.
खिडकीतली बाई म्हणाली, सगळं ऑनलाइन आहे, काका.
म्हटलं, हो, तरी छापील असलं तर द्या.
अंगाला कांद्याचा वास येत असणार.
तिनं टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला, वारा माझ्या बाजूला,
पण माहितीपत्रक दिलं.
दोन दिली.

ऐरोलीचा भाचा म्हणाला, मामा, डोळे मिटून कॉम्प्युटर.
गाळ्यावरचे शेठ म्हणाले, बी.कॉम. वजाबाकी कुठंही खपते.
उज्ज्वला म्हणाली, नर्सिंग. आजार काय संपावर जात नाहीत.
सगळं लिहून घेतलं. ज्याचा त्याचा भाव,
ज्याच्या त्याच्या मालाचा.

प्रांजलला विचारलं सगळ्यात शेवटी.
सांगताना लाज वाटते, पण तसंच झालं.

ती म्हणाली, जिऑलॉजी.
मला ऐकू आलं झुऑलॉजी.
म्हटलं, म्हणजे डॉक्टरकीच्या शेजारचं.
नाही पप्पा, दगड.

तुर्भ्याच्या बंद खाणीकडे ती आठवीपासून जायची.
मला वाटायचं, मैत्रिणींबरोबर, फोटोला.
तिनं पलंगाखालून बुटांचा खोका ओढला.
कागदात गुंडाळलेले दगड, प्रत्येकाला चिठ्ठी:
तारीख, जागा,
आणि तिसऱ्या ओळीत, हे काय असावं असं तिला वाटतं ते.
दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं.

एका दगडात पोकळी होती, आत पांढरे काटे,
खडेमिठासारखे.
लाव्हा थंड होताना हवा आत अडकली, ती म्हणाली,
मग पाणी झिरपत राहिलं, लाखो वर्षं,
आणि त्या रिकाम्या जागेत हे झालं.

रुंद रकाना माझ्या डोळ्यांपुढून हलेना.
विचारलं, पुढे काय?
बोगदे. धरणं. विहिरीला पाणी कुठं लागेल ते.
मग थोडं थांबून,
आणि नाही लागलं काही हाताला, तर तेही मी धरून चाललेय, पप्पा.
इतका सरळ सौदा बाजारात मी ऐकला नाही.

पहाटे गाड्या लागायच्या आधी
तो दगड मी काट्यावर ठेवून बघितला.
काटा गोण्यांचा. एवढ्याशाला तो जागाही होईना.
बाजूचा हमाल म्हणाला, काय मोजताय, आण्णा?
म्हटलं, काही नाही, काटा तपासतोय.

शनिवारी आम्ही दोघं कल्याणच्या बाजूचं
एक कॉलेज बघायला निघालो.
फी परवडेल का, ते वहीत अजून पेन्सिलीनं आहे.
महापे गेल्यावर चढाला डोंगर कापलेला आहे.
रोज टेम्पो तिथूनच येतात, मी कधी मान वळवली नव्हती.
प्रांजल काचेवर बोट ठेवून थर मोजायला लागली,
वरून खाली,
एक, दोन,
आणि सवयीनं मी तिच्यामागून
मोठ्यानं आकडा पुकारत गेलो.
कंडक्टर वळून बघत होता.
ती म्हणाली, हळू, पप्पा. तिसरा चुकला.