बोटभर सैल

शाहूपुरीत, दुसऱ्या गल्लीत, जिना चढून वर,
मुजावरांचा तौफिक काचेच्या टेबलावर
तीन मास्क मांडतो, बांगड्या मांडाव्यात तसे.
"घाई न्हाई मावशी. आधी नाकाचं माप घेऊ."
आणि प्लास्टिकचा एक त्रिकोण
माझ्या नाकाला लावून बघतो.

चाळीस वर्षं शनिवार पेठेत ब्लाउज शिवते मी.
छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर,
अर्ध्या गावाची मापं माझ्या वहीत आहेत.
नाकालाही माप असतं
हे एकसष्टाव्या वर्षी कळलं.
मीडियम, म्हणाला.
मला आपलं वाटायचं, मोठं आहे.

दवाखान्यात एक रात्र वायरी लावून झोपवलं होतं.
सकाळी कागद हातात:
तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबतो.
एकेचाळीस.
तरण्या वयातसुद्धा तासाला
एवढे हूक लावले नाहीत मी.

आमचे हे नातवाला हसवायचे,
"ऐक, आज्जीची बुलेट सुरू झाली."
बुलेट मधेच बंद पडते
हे त्यांनी कधी ऐकलं नाही.
बंद पडली की त्यांना झोप लागायची.

पहिला मास्क नाकातोंडावर बसणारा.
तौफिकनं पट्टे ओढले, हवा सोडली,
आणि मी एकदम चौदा वर्षांची,
गारगोटीच्या घरी, कणगीमागे,
थोरल्या चुलतीचा हात तोंडावर:
"पाव्हणं बसल्यात. हसू नगंस."
काढ म्हटलं. आधी काढ.
त्यानं काढला, पाणी दिलं,
का ते विचारलं नाही.

दुसरा अगदी एवढासा,
नाकपुड्यांत दोन मऊ कळ्या.
हलका. पण डावी कळी चमकीवर टेकते.
"रात्री काढून ठेवायची की."
पाचवीत होते, गुजरीत टोचली होती.
फिरकी कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते
ते आता सोनारालाही सांगता यायचं नाही.
शिवाय, बाळा,
कपडा अंगाला बसवतात,
अंग कपड्याला नाही.

तिसरा नाकाच्या खालून धरणारा,
नळी डोक्यावरून मागे जाणारी.
"आता आडव्या व्हा. बसून सगळेच बरे वाटतात."
हे पटलं. ब्लाउजसुद्धा
हात वर केल्याशिवाय कळत नाही.
मग त्याच्या बाकावर, चपला काढून,
पदर सारखा करून आडवी झाले.
खाली रिक्षावाले भांडत होते.
कूस बदलली तशी डावीकडून हवा निसटली, फुस्स,
आणि तो पट्टा आवळायला धावला.

ओढू नको, म्हटलं.
आवळलं म्हणजे बसलं असं नसतं.
आवळलेली शिवण आधी उसवते.
जरा सोड. वर उचल. आता टेकव.
पट्ट्याखालून बोट जाऊ दे एक.
हवा गप्प झाली.
तौफिक म्हणाला, "मावशी, दुकानात बसा माझ्या."

घरी येऊन इचलकरंजीच्या मलमलीच्या
दोन खोळी शिवल्या पट्ट्यांना,
शिवण बाहेरच्या अंगाला, गालाला लागू नये म्हणून.
तरी पहिल्या रात्री दोन वाजता काढून फेकला.
दुसऱ्या रात्री तोंड कोरडं ठक्क.
तिसऱ्या रात्री नळीत पाणी साचून
हुक्क्यासारखं गुडगुडलं
आणि मी एकटीच अंधारात हसले.

काल पहाटे जाग आली ती आपोआप.
डोकं रिकामं, हलकं,
सणाच्या दुसऱ्या दिवशी दुकान असतं तसं.
उशीशी हे बसलेले,
मास्कच्या बारीक भोकांपुढं तळहात धरून.

"काय बघताय?"
"आवाज न्हाई तुझा. झोप लागंना."
हात तसाच.
"वारं लागतंय," म्हणाले.