काब द राम, तीस सेकंद

कड्यावरच्या जांभ्याला अजून दुपारची ऊब.
तिथं तिकाटणं रोवून
भिंग पुरतं उघडं टाकलंय.
मधले तारे मोहरीएवढे, नेटके;
कोपऱ्यातल्यांना मात्र पंख फुटतात.
आग्नेल म्हणतो, "आसूं दी रे, उडूं दी."
मी तरी एक घर आवळतो.

दव बसू नये म्हणून
त्याचाच पायमोजा, आत गरम तांदूळ,
काचेच्या गळ्याला बांधलेला.

तीस सेकंद
श्वाससुद्धा पाठ फिरवून सोडायचा.

दक्षिणेला अगस्त्य.
खाली हिरवे दिवे पेटवून बोटी उभ्या,
माशांना वाटतं, उजाडलं.

पडद्यावर दोन्ही उमटले,
तारा आणि बोट, सारख्याच मापाचे.
मी बोटींवर बोट ठेवतो,
खोडायला.
आग्नेल माझं मनगट धरतो.
"पुसूं नाका.
त्यातल्या एकीवर पाय आसा."