आदरार्थी बहुवचन

साखर पेठेतल्या छापखान्यात
एकतीस वर्षं मी प्रुफं तपासली.
कोरवलीकर साहेबांचे अग्रलेख माझ्या हाताखालून गेले:
पहिल्या परिच्छेदात डरकाळी
आणि तिसऱ्यात ‘तथापि’.
त्या ‘तथापि’ला मी कधी हात लावला नाही.
तो शुद्ध होता.

‘निवडणूक’मधला णू दीर्घ,
‘निवडणुकीत’ गेला की ऱ्हस्व.
जिंकलेल्याला, पडलेल्याला, अनामत गेलेल्याला
नियम एकच.
मला वाटायचं, लोकशाही म्हणतात ती
बहुधा हीच.

मग एका एप्रिलात,
पंखासुद्धा भट्टीचा वारा ओकत होता तेव्हा,
विडी घरकुलातून पत्र आलं.
सांगणारी नरसुबाई म्याकल,
लिहिणारा नातू, सातवीतला.
वहीचं पान, घडीत तंबाखूची पूड.

*आमी पाणी भरत नाय साहेब
पाणीच आमाला भरतंय
पाच दिस वाट बगून रात्री दोनला येतंय
नेता दुपारी येतंय
नळाला हार घालतंय
फोटो काढून जातंय
हार वाळतंय
नळबी वाळतंय*

मी लाल पेन उघडलं.
‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘दिस’चे ‘दिवस’.
‘नेता येतंय’पाशी थांबलो.
कर्ता पुल्लिंगी, क्रियापद नपुंसकलिंगी.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
आपल्या सोलापुरात हे चालायचंच,
म्हणून जरा हसलो
आणि वर लिहिलं: नेते येतात.
हाराचं वाक्य जागेअभावी गेलं.
शेवटी साहेबांनी जोडलं,
‘संबंधितांनी लक्ष द्यावे’.

चौथ्या दिवशी ती आली.
कनवटीला कात्रण,
तर्जनीला विडीच्या दोऱ्याचा काप.
म्हणाली, वाचून दाखव.
मी वाचलं. स्वच्छ, विरामचिन्हांसकट.
‘हे कुणाचं?’
‘तुमचंच, बाई. फक्त शुद्ध केलंय.’

ती खाली बसली, खिळ्यांच्या जुन्या पेटीला टेकून.
‘कारखान्यात चेकर हजारात पन्नास छाट काढतंय.
वाकडी म्हणतंय, बारीक म्हणतंय,
मजुरी देत नाय आन् ती विडी मागारी बी देत नाय.
तू किती काडलास?’

मी मोजलं नव्हतं.

‘मी त्याला येतंय म्हटलं.
कुत्रं येतंय, धुरळा येतंय, तसं.
तू येतात केलास.
एकटंच आलतं की रे ते.
तू त्याला एवढे कसा केलास?’

यंत्र चालू होतं म्हणून बरं.
दुरुस्ती छापू का, असं मी विचारलं नाही.
कोपऱ्यातल्या माठातलं पाणी दिलं, तिनं तोंड न लावता प्यालं
आणि कात्रण माझ्याच टेबलावर ठेवून गेली.

आता निवृत्त. संध्याकाळी टीव्ही.
सहा खिडक्यांत सहा तोंडं,
सगळी मान्यवर, सगळी एकदम.
खालून पट्टी सरकते: ‘तीव्र प्रतिक्रीया’.
माझं बोट काचेवर जातं.
बायको म्हणते, अहो, घर पेटल्यागत ओरडतायत ते ऐका,
वेलांटी काय बघताय.
पण ऐकायला गेलं की
मला फक्त क्रियापदं ऐकू येतात:
सांगतात, म्हणतात, इशारा देतात.
सगळ्यांना एकेक मात्रा जास्तीची.
कुणीतरी माझ्यासारखाच आत बसलेला असणार,
पेन उघडून.

काल आमच्याकडे पाण्याची रात्र.
अडीचला नळ खोकला, हवा सोडली, तांबडं थुंकला.
शेजारच्या गच्चीवरून गुंडेटी ओरडला,
‘मास्तर, आलं का?’
मी म्हटलं, ‘येतंय.’

वाक्य बिनचूक होतं.
बादली अर्धी झाली नि धार तुटली.