साल

कोरूशच्या बुचांच्या कारखान्यात
नवी प्रणाली सुरू झाली सोमवारी.
तीन वर्षं खपून लिहिलेली, एक चूक सापडेना:
बाटल्यांची बुचं मोजायची, प्रत लावायची,
तासाला चाळीस हजार.

मधल्या काळात वरच्या मजल्यावर ठरलं होतं
की बुचं बंद. भिंतींचे तक्ते करायचे.
खाली कुणी कळवलं नाही.
खालच्यांनीही विचारलं नाही, हेही खरंच.
आन्सेल्मो म्हणाला, मागितलं तेच तर दिलं.

बैठकीत फळ्यावर बाण काढले गेले,
इकडून तिकडे, तिकडून परत इकडे.
इदालीना कोपऱ्यात, गोदामाच्या किल्ल्या मांडीवर.
तक्ता कुठल्या रकान्यात घालू?
रकाना नव्हता.
‘इतर’मध्ये घाला, कुणीतरी म्हणालं.
महिन्याभरात
अख्खा कारखाना ‘इतर’ झाला.

रविवारी ती त्याला रानात घेऊन गेली.
सोललेल्या ओकच्या तांबूस बुंध्यावर
पांढऱ्या रंगात, हातानं काढलेला
एकच आकडा: सात.
सतराला काढली, ती म्हणाली,
सव्वीसच्या आत कुऱ्हाड लावायची नाही.
जिथली साल गेली
तिथंच सोलणाऱ्यानं साल लिहून ठेवलेलं.

कुणी ठरवलं हे असं? त्यानं विचारलं.
ज्याला पुन्हा विकायची होती त्यानंच,
दुसरं कोण येणार इथं.

आन्सेल्मो बराच वेळ उभा होता.
मग त्यानं बोटानं सात गिरवला,
थोडा चुना नखात अडकला,
आणि परतताना गाडीत
तो काहीच बोलला नाही,
फक्त एकदा: वरच्या मजल्याची किल्ली
तुझ्याकडे आहे का?