चौऱ्याण्णव

पाचशेचे पैसे भरतो मी दर महिन्याला
आणि तारेतून येतात चौऱ्याण्णव.
त्र्याण्णव पॉइंट नऊ, कधी चौऱ्याण्णव पॉइंट एक.
हवेतून, म्हणजे मोबाइलवर, तीनशे सहज.
तारेतून मात्र चौऱ्याण्णव,
जणू कुणी माप घेऊन बसलंय.

फाहाहीलचा हा चौथा मजला.
जूनमध्ये रात्री अकरालाही एसीचा घसा बसलेला.
राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
पोर्ट बदलला. जिनेशचा लॅपटॉप मागून आणला.
कंपनीला फोन लावला.
पलीकडची मुलगी तीन भाषांत नम्र होती
आणि तिन्हींत म्हणाली,
आमच्याकडून सगळं ठीक आहे.

दिवसभर रिफायनरीत मी हेच तर करतो.
ट्रान्समीटर खोटं बोलतोय, की तार,
की कंट्रोल रूममधला माणूस,
हे बघत पन्नास डिग्रीत
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो.
आणि घरातली वीस मीटर
कधी तपासली नव्हती.

शुक्रवारी याकूब हमदुले आला.
मूळचा म्हाप्रळचा, बत्तीस वर्षं इथेच तारा ओढतोय,
आधी टेलिफोनच्या, मग डिशच्या, आता या.
स्क्रीनकडे त्यानं बघितलंही नाही.
"चौऱ्याण्णव? कायम?"
कायम.
"मग तार मेलेली नाय. जोडी तुटली हाय."

आठ तारा असतात आत, चार जोड्या,
एकमेकींना वेढे घालून निजलेल्या.
चारही शाबूत असतील तर हजारापर्यंत जाता येतं.
एक गेली, की राउटर आणि लॅपटॉप
आपसात मुकाट्यानं तडजोड करतात,
दोनांवर भागवतात, शंभर म्हणतात
आणि घरच्या माणसाला कळवत नाहीत.
तसं कळवलं होतं म्हणा.
पोर्टवरचा दिवा हिरव्याऐवजी पिवळा होता.
सात महिने पिवळा होता.
मला वाटलं, त्याचा रंगच तो.

चाचपत गेलो आम्ही तार,
टीव्हीमागून, चपलांच्या रॅकखालून,
बेडरूमच्या उंबऱ्यापर्यंत.
तिथे दार तिच्यावर मिटत होतं.

नोव्हेंबरात शलाका आणि ओवी परत गेल्या,
तेव्हा टेबल मी आत आणलं, तार फटीतून घेतली.
मग बाहेरची खोली जिनेशला दिली
आणि दार लावू लागलो.
त्याआधी हे दार लागतं का,
हेसुद्धा माहीत नव्हतं मला.

याकूबनं चेपलेला तुकडा कापून टाकला.
चष्मा कपाळावर ढकलून रंग लावू लागला,
पाढे म्हणावे तसा पुटपुटत:
पांढरानारिंगी, नारिंगी, पांढराहिरवा, निळा,
पांढरानिळा, हिरवा, पांढरातपकिरी, तपकिरी.
"हिरव्यांच्या मधी निळे घुसतात.
नवखे तितंच चुकतात."
क्रिंपर कट्कन मिटला.
टेबल दाराशी ओढलं, तेव्हा तार पुरली.
दिवा हिरवा. चारशे सत्त्याऐंशी.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोनदा.
जाताना चौकटीच्या कोपऱ्यात
कानशीनं खाच पाडून दिली तारेपुरती.

रात्री शलाकाला म्हटलं, बघ, काही फरक?
ती म्हणाली, नाही रे. कसला?
तिकडे बार्शीत तिचा वेग तोच आहे,
एका टॉवरवर अख्खी पेठ.
ओवी बोलता बोलता थबकली,
तोंड अर्धं उघडं, हात कानाशी.
मी चारशे सत्त्याऐंशी घेऊन बसून राहिलो.
मग ती पुढचं वाक्य बोलू लागली.
मधलं काही विचारलं नाही.

खाचेजवळ चिकटपट्टी लावून
मार्करनं लिहिलं: तार आहे, दार हळू.
लिहून झाल्यावर लक्षात आलं,
जिनेश कोट्टयमचा.
त्याला तोंडी सांगितलं.
पट्टी राहू दिली.